मदत हवी आहे: रुईगाठीची घनता पौंड प्रति घनफुटात काढताना दोन वेगळे आकडे येताहेत

एरंडोल_प्रेसिंग
राम राम मंडळी. बाहेरदेशच्या खरेदीदाराला गाठींचा तक्ता पाठवायचा आहे. त्याला घनता पौंड प्रति घनफुटात हवी आणि ती २८ च्या खाली चालणार नाही म्हणतो. गाठ काट्यावर १७० किलो भरते. इंची टेपने माप घेतलं तर लांबी ४२, रुंदी २१, उंची ३१.

घनता आली ३७९.४ किलो प्रति घनमीटर. तिला २.२०४६ ने गुणून ३.२८ ने भागलं की २५५ येतात. दुसऱ्याने आधी पौंड आणि घनफूट काढून भागाकार केला तर २३.७ आले. खरा आकडा कोणता? आणि २८ गाठता येतील का?

धुळे_मोजमाप
२३.७ खरा. २५५ मध्ये मीटरचे फूट एकदाच केले आहेत. घनमीटरमध्ये लांबी तीनदा येते, म्हणून ३.२८०८ ने तीनदा भागायचं, म्हणजे ३५.३१५ ने. एका घनमीटरात तेवढे घनफूट बसतात.

असा आकडा चुकीचा आहे हे गणित न तपासताही कळतं. पाण्याची घनता ६२.४ पौंड प्रति घनफूट. कापसाच्या तंतूची स्वतःची घनता पाण्याच्या साधारण दीडपट, म्हणजे ९५ च्या आसपास. तंतूंमधली सगळी हवा काढून टाकली तरी गाठ ९५ च्या वर जाणार नाही, मग २५५ कुठून येणार? तक्ता पाठवण्याआधी ही एक नजर टाकायचीच.

सरळ गुणक एकच लक्षात ठेवा: १ पौंड प्रति घनफूट = १६.०१८ किलो प्रति घनमीटर. किलोवरून पौंडाकडे जाताना भागायचं, उलट जाताना गुणायचं. तोंडी हिशेबाला १६ पुरतात, फरक हजारात एकाचा पडतो. तुमचं टेप इंची आणि काटा किलोचा असल्याने मीटरमध्ये जायचं कामच नाही:

४२ × २१ × ३१ = २७,३४२ घनइंच
÷ १७२८ = १५.८२३ घनफूट
१७० × २.२०४६ = ३७४.८ पौंड
३७४.८ ÷ १५.८२३ = २३.६९

इथे १७२८ च्या जागी १२ ने भागण्याची चूक फार होते. तीही वरच्याच जातीची.

चोपडा_जिनर
दख भाऊ, गुणक बरोबर असला तरी माप कच्चं असेल तर काही उपयोग नाही. गाठ प्रेसमधून सुटली की फुगते. उंची गाठ आवळणाऱ्या पट्टीवर कमी भरते, दोन पट्ट्यांच्या मधल्या फुगवट्यावर जास्त. वर सपाट फळी ठेवून दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन मापं घ्या, त्यांची सरासरी धरा. उंचीत एक इंच इकडेतिकडे झाला तर घनता ०.८ ने हलते, रुंदीत एक इंच वाढला तर १.१ ने उतरते.

वजनाचंही तसंच. १७० मध्ये बारदान आणि पट्ट्या धरल्या का? दोन किलो बारदान वजा केलं की २३.६९ चे २३.४१ होतात. खरेदीदार निव्वळ वजनावर घनता मागतोय की एकूण वजनावर, ते विचारून घ्या आणि तक्त्यात तसं लिहा.

आणखी एक, ओलावा. व्यवहारात ८.५ टक्के धरतात तो कोरड्या रुईच्या वजनावरचा, एकूण वजनावरचा नव्हे. त्या हिशेबाने १७० किलोत कोरडी रुई १५६.७ किलो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ओलावा ६ टक्क्यांवर आला तर तीच गाठ १६६ किलो भरेल आणि घनता २३.१ वर येईल. म्हणून वजन आणि माप एकाच दिवशी घ्या.

धुळे_मोजमाप
आता २८ चं. ४२ बाय २१ च्या पेटीत १७० किलोची गाठ २८ वर न्यायची तर उंची २६¼ इंच राहायला हवी, म्हणजे आजच्यापेक्षा पावणेपाच इंच कमी. प्रेसचा दाब वाढवून तेवढी दाबता येईलही, पण पुन्हा फुगू पाहणारी गाठ पट्ट्यांना पेलवली पाहिजे. नाही पेलवली तर पट्टीचं कुलूप सुटतं किंवा पट्टीच तुटते, आणि जवळ उभ्या माणसाला लागतं. प्रेस आणि पट्टी बनवणाऱ्यांच्या लेखी आकड्याशिवाय दाब वाढवू नका.

माझा अंदाज, त्याने अमेरिकन गाठीची अट उचलली आहे. ती गाठ ५५ इंच लांब, २१ इंच रुंद असते आणि किमान घनता २८ पौंड प्रति घनफूट, म्हणजे ४४८.५ किलो प्रति घनमीटर. आपली १७० किलोची गाठ मापानेच वेगळी. त्याला हे कळवा, अट बदलते का पाहा.

नंदुरबार_तेलघाणी
याच धाग्यात विचारतो. सरकीच्या तेलाची घनता ०.९२, तर पौंड प्रति गॅलन किती? कुठे ९.२ लिहिलंय, कुठे ७.६८.

धुळे_मोजमाप
दोन्ही बरोबर, गॅलन वेगळे. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ चा. पौंड आणि फूट दोन्हीकडे १९५९ पासून एकच आहेत, म्हणून घनफुटात हा गोंधळ होत नाही. ब्रिटिश गॅलनसाठी ०.९२ ला १० ने गुणा, अमेरिकनसाठी ८.३४५ ने. तापमान मात्र लिहाच. ०.९२ हा २० अंशांचा आकडा. ४५ अंशांच्या टाकीत तेच तेल ०.९०३ च्या आसपास असतं.

एरंडोल_प्रेसिंग
फळी ठेवून पुन्हा मोजलं. उंचीची सरासरी ३०½ इंच, बारदान वजा जाता १६८ किलो. म्हणजे १५.५७ घनफूट, ३७०.४ पौंड. तक्त्यात '२३.८ पौंड प्रति घनफूट (३८१ किलो प्रति घनमीटर), निव्वळ वजनावर' असं टाकतो आणि अमेरिकन गाठीचा मुद्दा सोबत कळवतो. आभार, भाऊ.