इंग्लंडमधल्या सफोकच्या शेतमजुराचे आईवडील कसे शोधायचे?

मृद्गंध: नमस्कार मंडळी, माझ्या सासऱ्यांचं घराणं सफोकमधल्या एका छोट्या गावातलं, सगळे पिढ्यान्‌पिढ्या शेतमजूर, ना जमीन ना मृत्युपत्र. १८५१ च्या सेन्ससमध्ये त्यांचे खापरपणजोबा सापडले, वय ५८ आणि जन्मगाव पण मिळालं, पण त्या गावच्या चर्च रजिस्टरमध्ये १७९२-९४ च्या आसपास त्याच नावाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे आहेत, बाप वेगळे. आमचा कोणता? सासरे ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना हे समजावं असं फार वाटतं.

रानवारा: आधी दफनाच्या नोंदी बघा. तेव्हा लहान मुलं खूप जायची, दोघांतला एक लहानपणीच गेला असेल तर प्रश्नच मिटला. दफन झालेल्याचं वय १८१३ च्या छापील फॉर्मपासून नेमाने मिळतं, पण त्याआधीही मूल असेल तर बऱ्याचदा "अमक्याचा मुलगा" लिहिलेलं असतं. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव जुलै १८३७ नंतरच येतं, त्यामुळे ते इथे मिळणार नाही, साक्षीदार मात्र बघा, कधी भाऊबहीण निघतात.

जुनी_कागदं: गरीब माणसाचं काही लिहिलेलं नसतं असं समजू नका, उलट गरिबाचीच चौकशी जास्त व्हायची! १६६२ च्या कायद्यामुळे परक्या गावातून आलेला माणूस गावाकडे गरिबांसाठीची मदत मागेल अशी शंका आली की त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचे, जन्म कुठे, कोणाकडे वर्षभर चाकरी केली, सगळं विचारायचे, आणि अशी मदत मिळण्याचा स्वतःचा हक्क कुठेच नसेल तर बापाचं गाव धरायचे म्हणून बापाबद्दलही विचारायचे. अशी एक जबानी मिळाली तर दहा बाप्तिस्म्यांपेक्षा मोलाची. तुमचे खापरपणजोबा जन्मगाव सोडून दुसरीकडे राहत होते का? तसं असेल तर दोन्ही गावांची गरीब-कायद्याची (गरिबांना मदत देण्याच्या कायद्याची) कागदं इप्सविचच्या काउंटी अर्काइव्हमध्ये मागा, बरीचशी ऑनलाइन नाहीत.

रानवारा: +१. आणि ऑनलाइन लोकांनी बनवलेल्या वंशावळी जशाच्या तशा उचलू नका, एकाने अंदाजाने बाप जोडला की बाकीचे तेच कॉपी करतात. १८४१ चा सेन्सस बघताना लक्षात ठेवा, १५ वर्षांवरच्यांची वयं तिथे बहुतेक पाचाच्या पटीत खाली आणलेली असतात.

मृद्गंध: हो, ते शेजारच्या गावात राहत होते! म्हणजे जबानी असू शकते. दफनं फ्रीरेगवर (चर्चच्या नोंदींची मोफत वेबसाइट) आजच बघते, अर्काइव्हला मेल करताना दोन्ही गावांची नावं देते.