‘अल्बम’ला ‘गीतसंग्रह’ म्हणावे काय?

भाषांतरी : बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ (१९६९) या अल्बमवर एका चाहत्याने लिहिलेल्या लेखाचे मी भाषांतर करीत आहे. त्या अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर बरीचशी तोकडी गाणी एकमेकांत मिसळून सलग वाजतात, आणि लेखाचा सारा जीव त्या ‘दुसऱ्या बाजू’तच आहे. मी ‘अल्बमची दुसरी बाजू’ असे लिहिले होते. संपादकांनी त्याचे ‘गीतसंग्रहाचा उत्तरार्ध’ केले. गीतसंग्रह म्हटले की मला छापील पुस्तकच दिसते. शिवाय उत्तरार्ध आपोआप सुरू होतो, तर दुसरी बाजू ऐकण्यासाठी माणसाला उठून तबकडी उलटावी लागते. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

शुद्धमती : ‘ध्वनिमुद्रिका’ हा नेटका शब्द रेडिओने घराघरांत पोहोचवला असताना ‘अल्बम’ची उसनवारी कशासाठी? आपणच आपले शब्द वापरले नाहीत, तर ते रुळणार तरी कसे?

खरखर : ध्वनिमुद्रिका म्हणजे एक नग, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत असल्यामुळे, मोठी रचना अनेक तबकड्यांवर विभागून पाकिटांच्या बांधीव वहीत विकली जाई, आणि त्या वहीला फोटोंच्या वहीसारखेच ‘अल्बम’ म्हणत. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एलपी, म्हणजे बराच वेळ वाजणारी तबकडी, आणली, तेव्हा वही गेली आणि नाव तेवढे उरले. या हिशेबाने ‘संच’ हा शब्द इतिहासाला धरून होईल. मात्र ‘ॲबी रोड’ एकाच तबकडीवर असल्यामुळे वाचक उरलेल्या तबकड्या शोधत बसेल, हेही खरे.

मिरजवासी : आमच्या घरी यांपैकी एकही शब्द नव्हता. वडील ‘प्लेट’ म्हणत. तबकडी आम्हांला वर्तमानपत्रात भेटली. एकदा हिराबाई बडोदेकरांची एक प्लेट मी खिडकीत विसरलो आणि लाखेची ती तबकडी दुपारच्या उन्हाने पापडासारखी वाकली. संध्याकाळी लावली, तर सुई चढावर चढून उतारावर घसरे आणि प्रत्येक फेऱ्याला सूर हेलकावे खाई. वडिलांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि मला एक शब्दही बोलले नाहीत, याचेच मला अधिक वाईट वाटले. पुढे किशोरी आमोणकरांची एलपी आली, तिला आम्ही ‘भूप-बागेश्री’ म्हणत असू; एका बाजूला एक राग, दुसरीला दुसरा. अल्बम म्हणण्याची गरजच कधी पडली नाही.

वाटाड्या : माझ्या मते ‘तबकडी’ ही ‘तबल्या’च्याच घराण्यातली असावी. दोन्ही गोल आणि दोन्ही गाण्याच्या कामाच्या!

खरखर : नव्हे. ‘तबकडी’ पूजेच्या तबकापासून आली, आणि तबक अरबीतून. तबल्याचे मूळही अरबीच, पण धातू वेगळा. आता शुद्धमतींनी तबकडीवरही बहिष्कार घालावा काय?

शुद्धमती : उपहास समजला. मी तबकडी नव्हे, ध्वनिमुद्रिका आणि ध्वनिफीत सुचवते.

मिरजवासी : ध्वनिफितीतली ‘फीत’ पोर्तुगीज आहे, बाई. आणि ‘मुद्रिका’ म्हटले की मला अजूनही अशोकवनात मारुतीने सीतेपुढे टाकलेली अंगठीच आठवते.

शुद्धमती : चारशे वर्षे मुरलेली फीत आणि काल आलेला अल्बम यांना एका पंक्तीला बसवू नये.

भाषांतरी : काल म्हणजे कधी? आमच्या आजीच्या लग्नाचे फोटोही ‘अल्बम’मध्येच आहेत. वाद थोडा बाजूला ठेवून ‘उत्तरार्धा’बद्दल कोणी बोलेल काय? लेख सोमवारी छपाईला जातो.

वाटाड्या : उत्तरार्धावरून सुचले नाही, पण एक गंमत पाहा. गाण्याची ‘रेकॉर्ड लावली’ हे स्त्रीलिंगी, क्रिकेटमध्ये ‘रेकॉर्ड मोडला’ हे पुल्लिंगी, आणि तलाठ्याकडे ‘जुने रेकॉर्ड सापडत नाही’ हे नपुंसकलिंगी. एकाच शब्दाला तिन्ही लिंगे कशी मिळाली असावीत?

मिरजवासी : प्लेटीच्या जागी आली म्हणून गाण्याची रेकॉर्ड स्त्रीलिंगी झाली असेल, आणि विक्रमाच्या जागी आला म्हणून क्रिकेटचा पुल्लिंगी.

शुद्धमती : किंवा ध्वनिमुद्रिकेच्या जागी आली म्हणून.

खरखर : आधी कोण आले, यावर आता स्वतंत्र धागा काढावा लागेल. तलाठ्याच्या रेकॉर्डाचे काय करायचे?