तुमच्या गावची टेकडी (अनुभव धागा, विदर्भ)

पांदणवाट
काल आईचं कपाट आवरून राहिली होती. वरच्या फळीवर बिस्किटाचा जुना डबा निघाला. त्यात बटणं, तुटलेली जपमाळ, आणि तळाशी वर्धा जिल्ह्यातल्या गिरडच्या टेकडीवरचा दगड. सुपारीएवढा, मातकट, एका बाजूनं झिजून गुळगुळीत झालेला. हातात घेतला अन् तिथंच खाली बसली.

तान्हा पोळा झाला की पुढच्या रविवारी बाबा मला गिरडला न्यायचे. यष्टी होती, पण आम्ही पायीच जायचो, पांदणीनं. दोन्ही बाजूला पात्या-फुलांवर आलेली पऱ्हाटी. काळी माती चपलेला अशी चिकटायची की पाय उचलत नसे. बाबा बाभळीच्या काडीनं चिखल खरडून द्यायचे, दर शंभर पावलांवर, न कंटाळता. बोलायचे कमी. चढ लागला की फक्त "दम खाय" म्हणायचे. वर सूफी संत बाबा फरीदांच्या दर्ग्यापाशी वारा लागला की घाम वाळून अंगावर शहारा यायचा, अन् खाली नुसती तूर अन् कपाशी, नजर जाईल तिथवर.

दगडाची गोष्ट तिथंच ऐकली. व्यापाऱ्यांनी या फकिराची थट्टा केली, तर त्यानं त्यांच्या सगळ्या मालाचे दगड करून टाकले. मग ते पाया पडले, तेव्हा झाडाच्या पानांपासून नवा माल करून दिला. मला ते पानांचं फार आवडायचं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्या गावच्या टेकडीचं लिहा ना. मोठं देवस्थान नसलं तरी चालेल. नाव नसलं तरी चालेल.

सुपातले गहू
वाचून डोळे भरले ताई. आता पोळ्या टाकते, रात्री लिहिते.

निवृत्त मास्तर
ते गोल दगड टेकडीच्या बेसाल्टमधले आहेत. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाण्यातून झिओलाइटसारखी खनिजं साचत गेली. भोवतीचा खडक झिजतो आणि गाठी सुट्या होऊन खाली पडतात. मी वर्गात हे शिकवायचो आणि त्याच तासाला फकिराची गोष्टही सांगायचो. मुलांना दोन्ही पाठ असायचं. बाबा फरीदांची कबर पाकिस्तानात पाकपट्टणला आहे, गिरडला त्यांनी तप केलं असं मानतात.

आखरावरचा
आमची टेकडी आर्वीकडची. नाव नाही, नुसती टेकडी. आजा गावचा गायकी होता, गावची ढोरं चारायचा. सकाळी आखरावर ढोरं जमा झाली की त्याच्या मागं मागं मी. शाळा बुडवून, अन् मारही खाल्ला. उन्हाळ्यात टेंभरं पिकली की आजा झाड हलवायचा नाही, खाली पडलेलीच वेचू द्यायचा. साल कडक, आत पिवळा गर, खाल्ला की ओठ चिकटते. नाल्याचं पाणी पळसाच्या पानाच्या द्रोणात प्यायचो. पान कसं दुमडायचं ते त्यानं दाखवलं, काडी कुठं टोचायची तेही. आता माझ्या पोराला ते जमते. एवढं एक काम मी बरोबर केलं.

भिवापूर नाही ना दूर
आखरावरचे भाऊ, आर्वीकडचे म्हणता, तुमच्या भागात गावरान बोरं अजून भेटतात काय? आमच्या इकडं धुऱ्यावरच्या बोरी साऱ्या तोडल्या.

आखरावरचा
भेटतात ना. संक्रांतीच्या आधी या. पिशवी आणा मोठी.

सुपातले गहू
झाल्या पोळ्या. माझं माहेर रामटेकजवळ. सगळे गडमंदिरावर जातात, मला मनसरची हिडिंबा टेकडी जवळची. कामाच्या दिवशी तिथं आपल्या पावलांचा आवाज ऐकू येतो. उत्खननात निघालेल्या विटांचे थरावर थर, वाकाटकांच्या काळचे. लग्न ठरल्यावर मी अन् माझी बहीण तिथं तिसऱ्या प्रहरी जाऊन बसलो होतो. ती म्हणे, इथं राजे राह्यले अन् गेले, तू तर नुसती अमरावतीला जाऊन राहिली, रडते काऊन? तरी रडलीच. माहेरी गेली की दोघी अजून जातो. तिचे गुडघे दुखतात, पण येते.

मोहफूल
एक मनापासून सांगते, एप्रिल-मे मध्ये टेकडीवर जायचं तर सूर्य उगवायच्या आधी निघा. सालेकशाकडं कचारगडला आम्ही दहा वाजता चढायला लागलो, चौघांत दोन बाटल्या पाणी. अकराच्या सुमाराला माझ्या डोळ्यापुढं अंधारी आली. उलटी झाली, घाम येणं बंद झालं. एक बाई मोहफुलाची टोपली घेऊन उतरत होती. तिनं मला सावलीत निजवलं, पदर ओला करून मानेवर ठेवला, अन् तुंब्यातलं पाणी घोट घोट पाजलं. एकदम पिऊ दिलं नाही. तिच्या टोपलीतल्या फुलांचा तो गोड, जड वास अजून नाकात आहे. तिचं नावही विचारायचं राहिलं. ते मला फार लागतं.

नाल्यापलीकडं
मोहफूल ताई, जीव वाचला हेच मोठं. त्या बायांना पहाटेच फुलं वेचाव्या लागतात, रात्री गळलेली. उन्हं चढायच्या आत घरी.

आमच्याकडं आता पहाटही राहिली नाही. मी सिंदेवाहीकडची. माय तेंदूपत्त्याला जायची, मी तिच्यासंगं टेकडीवर जाऊन पानं मोजत पुडे बांधायची. आता वाघाचं एवढं झालं की बाया घोळक्यानं जातात, मोठमोठ्यानं बोलत. आमच्याच आळीतली काकू गेली, मागच्या उन्हाळ्यात. टेकडी खिडकीतून दिसते. लेकीला म्हणते, ती बघ. नेत नाही.

निवृत्त मास्तर
बाई, काय लिहावं सुचत नाही. सांभाळून राहा.

मोहफूल
🙏 काकूंच्या घरी कोण आहे आता?

नाल्यापलीकडं
सून अन् दोन नातवंडं. मोठी नात आमच्याच घरी अभ्यासाला येते.

धुरा
वाघाचं दुःख मोठं, त्यापुढं माझं काहीच नाही, पण लिहितो. आमच्या टेकडीला जायची पांदण एका शेतकऱ्यानं नांगरून घेतली. पहिल्या वर्षी नांगराची दोन तासं, दुसऱ्या वर्षी चार. मग रोही अन् रानडुकरांसाठी तार लावली. तार त्यालाही लागतेच, पीक कोण वाचवणार, मला समजते. पण बैलबंडी जायची ती वाट होती. लोकांनी जाणं सोडलं अन् पावसाळ्याभरात तरोट्यानं भरली. मी आता दर महिन्याला एकटा चालून येतो, काठीनं तरोटा झोडपत. पावलं पडली पाहिजेत तिच्यावर.

भिवापूर नाही ना दूर
धुरा भाऊ, गाव कोणतं? पुढच्या महिन्यात मी येतो. आम्ही तिघं आहो.

धुरा
व्यक्तिगत निरोप केला आहे. जेवायला घरीच थांबायचं, आई पानगे लावते.

पांदणवाट
सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. नाल्यापलीकडं ताई, तुमचं वाचून रात्री झोप नाही.

आईला दगड दाखवला. वाटलं तीही रडेल. ती म्हणाली, "मी कुठं पाहिली ती वाट? तुम्ही दोघं जायचे तेव्हा मी घरी बैलांचं अन् तुमच्या जेवणाचं पाहायची. मी गेली ती यष्टीनंच, कंदुरीला." तीस वर्षं मी हे कधी विचारलंच नाही. थोड्या वेळानं म्हणाली, पायी न्यायचं असंल तर ने, दिवाळीनंतर माती वाळते.

गिरडच्या बाजूचं कोणी आहे काय? पांदण चालण्यासारखी राहिली का?

बोरीचा काटा
मी त्याच भागातला. नाल्यापर्यंत चांगली आहे. नाल्यावर फरशी खचली, पण दिवाळीनंतर पाणी घोट्याएवढंच असते. आईंना हात धरून उतरवा, डाव्या अंगानं. तिथं दगड पक्के आहेत.