गोल्फ खेळताना चष्मा असावा की कॉन्टॅक्ट लेन्स?

सातवा टी

पुण्यात येरवड्याच्या मैदानावर मी गेली अकरा वर्षे, पाऊस फारच झोडपत नसेल तर, आठवड्यातून दोनदा गोल्फ खेळतो. वय ५३, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ६, आणि सहा वर्षांपूर्वी चाळिशी लागल्यापासून नाकावर प्रोग्रेसिव्ह चष्मा, अशी माझी स्थिती आहे. हा चष्मा आला त्याच वर्षी माझे आयर्नचे (धातूच्या सपाट डोक्याच्या काठीचे, म्हणजे क्लबचे) फटके बिघडले. चेंडू हवेत उठण्याऐवजी क्लबची खालची कड त्याच्या डोक्यावर बसे आणि तो सशासारखा गवतातून पळत सुटे. प्रशिक्षकांनी पकड बदलायला लावली, पायांतले अंतर बदलायला लावले, एकदा क्लबचा संचही बदलून झाला. शेवटी मैदानावर माझी पिशवी वाहणाऱ्या नेहमीच्या कॅडीने एक दिवस शांतपणे सांगितले, "साहेब, मारायच्या आधी तुम्ही हनुवटी छातीत घालता."

त्याचे निदान अचूक होते. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग हातातले पुस्तक वाचण्यासाठी, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटर अंतरासाठी असतो. चेंडू मात्र डोळ्यापासून दीड मीटरवर असतो. नुसती नजर खाली केली तर तो धुरकट दिसतो, म्हणून खेळाडू नकळत मान वाकवून काचेच्या वरच्या भागातून पाहू लागतो. हनुवटी छातीला टेकली की मागे झोका घेताना डाव्या खांद्याला तिच्याखालून जायला जागा उरत नाही, आणि मग शरीर उचलले जाते.

जानेवारीपासून मी रोज टाकून द्यायच्या कॉन्टॅक्ट लेन्स वापरतो आहे. माझा हॅण्डिकॅप (खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) १९ वरून १६ वर आला. शिवाय उणे नंबरच्या चष्म्यातून सर्व वस्तू लहान दिसतात, तसे लेन्समध्ये होत नाही, त्यामुळे ग्रीनवरचा (बारीक कापलेल्या गवतावरचा, चेंडू पाडायचा) खड्डासुद्धा मला आता मोठा वाटतो. माझे मत स्पष्ट आहे: मोठा नंबर असलेल्या माणसाने चष्मा गाडीत ठेवावा आणि लेन्स लावूनच पहिल्या टीवर (खेळ सुरू करायच्या जागी) उभे राहावे. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी कारणांसह लिहावे.

वाळूचा खड्डा

कारणांसहच लिहितो, कारण माझे कारण मला तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत बसून कळले आहे.

चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अकराव्या होलच्या बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू काढताना वाळूचा फवारा तोंडावर आला. डोळा चोळताना लेन्स बाहेर आली आणि तळहातावर चिकटली. जवळ लेन्सचे द्रावण नव्हते. मी पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने ती खळबळली, पुन्हा डोळ्यात बसवली आणि उरलेले सात होल खेळून घरी आलो. त्या दिवशी गुण चांगले झाले होते, हे मुद्दाम नमूद करतो. तिसऱ्या दिवशी डोळा लाल, उजेड सहन होईना, पापणी उघडेना. बुबुळावर जखम होऊन तिच्यात जंतुसंसर्ग झाला होता. दर तासाला थेंब घालण्यासाठी पत्नीने रात्रीचे गजर लावले होते.

आता विचार करा, की गोल्फ खेळणाऱ्याचा हात कुठे कुठे लागतो. गवतावर खत आणि कीटकनाशक फवारलेले असते, तेच चेंडूला लागते, चेंडू आपण बोटांनी पुसतो आणि त्याच बोटांनी डोळ्याचा कोपरा. चष्म्यावर वाळू उडाली तर काच पुसायची असते, एवढाच फरक आहे. हॅण्डिकॅप तीनने कमी झाला म्हणून बुबुळ पणाला लावायचे, हा हिशेब मला तरी जमत नाही.

आणखी एक शंका. लेन्स लावल्यावर आपण गुणपत्रिका कशी वाचता? खिशात चाळिशी असेलच. मग चष्मा सुटला कुठे?

दृष्टिकोन

मी व्यवसायाने ऑप्टोमेट्रिस्ट (डोळ्यांचा नंबर तपासणारा) आहे आणि स्वतः गोल्फ खेळत नाही, पण खेळणारे बरेच लोक माझ्याकडे येतात. धागाकर्त्यांनी रोगाचे वर्णन उत्तम केले आहे, मात्र आरोपी चुकीचा पकडला आहे. फटके बिघडवले ते प्रोग्रेसिव्ह काचेने. त्यासाठी सरसकट चष्म्याला मैदानाबाहेर काढण्याचे कारण नाही. केवळ लांबच्या नंबरचा, वरपासून खालपर्यंत एकच शक्ती असलेला वेगळा चष्मा खेळण्यासाठी करून घेतला असता, तर हनुवटी जानेवारीची वाट न पाहता पूर्वीच वर आली असती. दीड मीटरवरचा चेंडू पाहण्यासाठी डोळ्याला पाऊण डायॉप्टरहूनही (चष्म्याचा नंबर याच एककात मोजतात) कमी जोर लावावा लागतो आणि पन्नाशीतल्या बहुतेक डोळ्यांत तेवढी ताकद शिल्लक असते.

वस्तू लहान दिसण्याचा मुद्दा खरा आहे. काच बुबुळापासून साधारण १२ मिलिमीटर दूर असते, त्यामुळे उणे ६ च्या चष्म्यातून प्रतिमा सुमारे ७ टक्के लहान होते. गोल्फच्या खड्ड्याचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, तो आपल्याला साधारण १०१ मिलिमीटर असल्यासारखा दिसत होता. याच अंतरामुळे आपल्या लेन्सचा नंबर उणे ६ नसून उणे ५.५० किंवा ५.७५ असणार.

याहून महत्त्वाची गोष्ट काचेच्या कडेची आहे. काचेच्या मध्यापासून १० मिलिमीटर बाजूने पाहिले, तर उणे ६ ची काच ६ प्रिझम डायॉप्टर इतके विचलन घडवते, म्हणजे एक मीटरवरची वस्तू ६ सेंटिमीटर सरकलेली दिसते. पट करताना, म्हणजे ग्रीनवर चेंडू हलकेच खड्ड्याकडे ढकलताना, आपण चेंडूवर वाकून, मान न उचलता, डोळ्याच्या कोपऱ्यातून खड्ड्याकडे पाहता, तेव्हा नेमके याच भागातून पाहता. वर्षानुवर्षे चष्मा वापरणाऱ्याचा मेंदू ही सरक हिशेबात धरायला शिकलेला असतो, म्हणून ती जाणवत नाही. पण आज चष्मा, रविवारी लेन्स, बुधवारी पुन्हा चष्मा, असे करणाऱ्याचा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने मांडावा लागतो. माझा सल्ला असा, की दोन्हींपैकी काहीही निवडा, पण खेळण्यासाठी एकच निवडा.

"वाळूचा खड्डा" यांना एवढेच सांगतो, की त्यांचा अपराधी लेन्स नसून बाटलीतले पाणी होते. पिण्याचे पाणी निर्जंतुक नसते. नळाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो आणि तो बुबुळात शिरला तर उपचार महिनोन्महिने चालतात. रोज टाकून द्यायची लेन्स निघाली की ती फेकायची असते, आणि पिशवीत नवी जोडी व जुना चष्मा दोन्ही ठेवायचे असतात.

वाळूचा खड्डा

डॉक्टरसाहेब, अपराधी पाणी होते हे मान्य. पण चष्मा घातला असता तर ते पाणी डोळ्यापर्यंत गेलेच नसते, हेही आपण मान्य करावे.

दृष्टिकोन

मान्य आहे. मात्र मी डॉक्टर नव्हे, त्यामुळे साहेबही नको.

चेंबूरकर

ही सर्व चर्चा कोरड्या हवेतल्या लोकांची चालली आहे. आम्ही चेंबूरला, १९२७ साली स्थापन झालेल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या मैदानावर खेळतो. जून ते सप्टेंबर तिथे चष्मा लावून खेळणे म्हणजे काय, ते प्रत्यक्ष पाहायला या. गाडीच्या वातानुकूलित हवेतून उतरताच दोन्ही काचा पांढऱ्या होतात. त्या पुसून टीवर जावे तो पहिली सर येते. टोपीच्या झापेमुळे थेंब थोडे अडतात, पण चेंडूकडे मान वाकवली की झापेच्या टोकाचे पाणी थेट काचेवर ओघळते. टॉवेल ओला, हातमोजा ओला, शर्टाचे टोकही ओले, मग काच कशाने पुसायची? घामाने फ्रेम नाकावरून घसरते ती वेगळीच. मी कानामागून रबरी पट्टा बांधून पाहिला, तेव्हा माझा नातू मला "पोहायला चाललात का आजोबा?" असे विचारत होता.

पावसाळ्यात लेन्सला पर्याय नाही, हे माझे पंचवीस वर्षांच्या अनुभवानंतरचे मत आहे. एप्रिल-मेमध्ये पुणेकरांनी चष्मा लावावा, त्याला आमची हरकत नाही.

तिरपा अक्ष

लेन्स लावा म्हणणारे सर्वजण नशीबवान दिसतात, त्यांना सिलिंड्रिकल नंबर (बुबुळाच्या असमान वक्रतेमुळे लागणारा) नसावा. माझा तो उणे २.२५ आहे. अशा नंबरासाठी जी टोरिक लेन्स मिळते, ती डोळ्यात ठरावीक कोनातच बसलेली असावी लागते. ती दहा अंश फिरली तर सिलिंड्रिकल नंबराचा सुमारे एक तृतीयांश भाग दुरुस्तीविना राहतो, आणि तीस अंश फिरली तर लेन्स असून नसल्यासारखी होते. घरात, दुकानात, गाडी चालवताना माझी लेन्स जागेवर असते. परंतु पटसाठी वाकून, डोके एका कुशीवर करून खड्ड्याकडे पाहिले की ती किंचित सरकते, आणि झेंड्याच्या काठीला शेजारी एक फिकट काठी उगवते. दोनदा पापण्या मिटल्या की ठीक होते, हे खरे आहे. पण पट मारण्यापूर्वीच्या त्या दोन क्षणांत मन स्थिर राहत नाही. मी साध्या, एकाच शक्तीच्या चष्म्याकडे परतलो आणि सुखी आहे.

अल्बाट्रॉस

चष्मा आणि लेन्स यांच्या भांडणात तिसरा पर्याय कोणी मांडलाच नाही, याचे आश्चर्य वाटते. टायगर वुड्सने १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये लेसिक, म्हणजे नंबर घालवणारी लेसर शस्त्रक्रिया, करून घेतली आणि पुढच्याच वर्षी पेबल बीचवर यूएस ओपन १५ फटक्यांच्या फरकाने जिंकली. याहून बोलका पुरावा कोणता हवा?

वाळूचा खड्डा

पुरावा बोलका आहे, पण अर्धेच बोलतो. त्याच टायगर वुड्सने १९९७ ची मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांनी जिंकली, तेव्हा त्याच्या डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स होत्या. आणि १९७४ साली विंग्ड फूटच्या मैदानावर, जिथे विजेत्याचे गुणसुद्धा पारपेक्षा (मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा) सात फटके जास्त झाले, तिथे यूएस ओपन जिंकणारा हेल आयर्विन चक्क चष्मा लावून खेळत होता. या तीन विजयांवरून काही सिद्ध करायचेच असेल, तर उत्तम खेळणारा माणूस कशानेही जिंकतो, एवढेच सिद्ध होते. आपण अल्बाट्रॉस (एका होलवर पारपेक्षा तीन फटके कमी) हे नाव घेतले आहे, तेव्हा आपल्यालाही काहीच लागत नसावे.

दृष्टिकोन

लेसिकबद्दल एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. त्या शस्त्रक्रियेने लांबचा नंबर जातो, पण चाळिशी जात नाही. धागाकर्त्यांचे वय पाहता त्यांना गुणपत्रिकेसाठी चष्मा लागेलच. काही जण यावर उपाय म्हणून एक डोळा लांबचा आणि दुसरा जवळचा करून घेतात. कार्यालयीन कामासाठी ती सोय चांगली आहे, परंतु दोन्ही डोळ्यांनी मिळून जी खोली कळते ती तिच्यात उणावते, आणि ग्रीनचा उतार वाचणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

चेंबूरकर

उतारावरून आठवले. पोलराइज्ड गॉगलबद्दलही कोणीतरी लिहावे. मी तो फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या गवतावर) लावतो आणि ग्रीनवर काढतो. आमच्याकडच्या बर्म्युडा गवताची पाती ज्या दिशेला झुकलेली असतात, त्या दिशेला तोंड करून पाहिले तर गवत चकाकते आणि उलट दिशेला पाहिले तर गडद दिसते, त्यावरून चेंडू वेगाने जाईल की अडेल ते ठरते. पोलराइज्ड काच नेमकी ती चकाकीच गिळते.

दृष्टिकोन

असे अनेक गोल्फपटू सांगतात. ज्यांना उन्हासाठी काच हवी आहे, पण ग्रीनही वाचायची आहे, त्यांना मी साधी तपकिरी छटा सुचवतो.

फोर!

या चर्चेत सुरक्षिततेचा मुद्दा राहून गेला आहे. "वाळूचा खड्डा" यांनी वाळूचा उल्लेख केला, मी चेंडूचा करतो. त्याचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असावा असा नियम आहे, म्हणजे तो डोळ्याच्या खोबणीत जवळजवळ बसेल इतकाच असतो. क्रिकेटचा चेंडू भुवईच्या आणि गालाच्या हाडावर अडण्याची काहीतरी शक्यता असते, गोल्फचा चेंडू थेट डोळ्यावर आदळतो. २०१८ साली पॅरिसजवळ झालेल्या रायडर कपमध्ये गोल्फपटू ब्रूक्स केप्काचा सहाव्या होलच्या टीवरून मारलेला फटका भरकटून एका प्रेक्षक महिलेला लागला आणि त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. मी गर्दीच्या रविवारी पॉलिकार्बोनेटचा (सहज न फुटणाऱ्या प्लॅस्टिकचा) चष्मा लावतो आणि माझा नंबर शून्य आहे. जे अजूनही खऱ्या काचेची भिंगे लावून खेळतात, त्यांनी ती आजच बदलावीत, कारण ती फुटली तर तुकडे डोळ्यातच जातात.

सातवा टी

इतक्या तपशीलवार प्रतिसादांबद्दल आभार. काही गोष्टी मान्य करतो आणि एका गोष्टीवर ठाम राहतो.

दोष चष्म्याचा नसून प्रोग्रेसिव्ह काचेचा होता, हे "दृष्टिकोन" यांचे म्हणणे मला पटले, आणि सहा वर्षांत हे मला एकाही चष्म्याच्या दुकानात कोणी सांगितले नाही याची खंतही वाटली. खेळता का, असे कोणी विचारलेच नव्हते. खिशात चाळिशी असते, हा "वाळूचा खड्डा" यांचा टोमणाही रास्त आहे, फक्त ती मी बहुतेक वेळा घरी विसरतो.

परंतु टीवरून मारलेला चेंडू शोधण्याच्या बाबतीत मी लेन्सचाच पक्ष घेईन. २०० यार्डांवर तो चेंडू डोळ्यात जो कोन करतो, तो अंशाच्या साठाव्या भागाहूनही कमी असतो, म्हणजे निर्दोष दृष्टीच्याही सीमेवर. उणे ६ चा चष्मा त्यातून आणखी ७ टक्के कापून घेतो आणि चेंडू वर चढताना तो फ्रेमच्या कडेमागे जातो, तिथे आपण त्याला गमावतो. २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात. पुढे उभा राहून चेंडूवर नजर ठेवणारा आगेवाला असेल तर ठीक, तो नसेल तेव्हा मला माझ्याच डोळ्यांवर भिस्त ठेवावी लागते.

तरीही न्याय व्हावा म्हणून एकाच शक्तीचा, पॉलिकार्बोनेटचा, जरा मोठ्या काचांचा चष्मा सांगून आलो आहे. तो शनिवारी मिळेल. आलटून-पालटून न वापरता पूर्ण महिनाभर त्यानेच खेळेन आणि गुण जसेच्या तसे इथे लिहीन. हा बेत कॅडीच्या कानावर घातला, तेव्हा त्याने एवढेच विचारले, की नव्या चष्म्यातही कार्डावरचे आकडे त्यालाच वाचून दाखवावे लागणार आहेत का.