विषय: बाहेरच्या गिऱ्हाईकांना टेक कंपन्या वाऱ्यावर सोडतात का?

बंडू:

मंडळी नमस्कार,

जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या. आपल्यासारख्यांनी देश बदलला की अकाउंटचा देशही बदलावा लागतो आणि त्यात काय काय होतं ते इथे बऱ्याच जणांनी भोगलंय. माझं सध्या एका कंपनीबरोबर चालू आहे, नाव नाही घेत, नवं कार्ड घालायला गेलो की म्हणतात अकाउंटमधली जुन्या देशातली शिल्लक आधी संपवा, आणि शिल्लक इतकी चिल्लर आहे की तिच्यात काही येतच नाही, चॅटवरचा माणूस तेच वाक्य परत परत चिकटवतोय. वर काहीही नवीन आलं की "सध्या आपल्या देशात उपलब्ध नाही". माझं मत सरळ आहे, या कंपन्यांना घरचं गिऱ्हाईक तेवढं दिसतं, बाकीच्या जगाला उरलंसुरलं. कुणाला वेगळं वाटत असेल तर बोला.

– बंडू

नाना:

अरे बंडू, चिडलास ते बरोबरच, पण सगळ्याला एकच कारण लावू नकोस. गाणी-सिनेमांचे हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे प्रत्येक देशात नव्यानं बोलणी करावी लागतात. ॲपलचं गाणी विकणारं आयट्यून्स स्टोअर अमेरिकेत एप्रिल 2003 ला सुरू झालं, ब्रिटन-फ्रान्स-जर्मनीत जून 2004 ला, जपानमध्ये ऑगस्ट 2005 ला आणि भारतात थेट डिसेंबर 2012 ला. आता उलटं बघ. गाणी ऐकवणारी स्पॉटिफाय स्वीडनची कंपनी, 2008 ला युरोपात सुरू झाली आणि अमेरिकावाले जुलै 2011 पर्यंत ताटकळत बसले, तेव्हा अमेरिकेला कोणी सापत्न वागवलं का?

दुसरं कारण कायदा. फेसबुकवाल्यांचं ट्विटरसारखं ॲप थ्रेड्स जुलै 2023 ला शंभरावर देशांत एकदम आलं, युरोपियन युनियनला मात्र डिसेंबर उजाडला. कायदा खरंच आडवा आला की कंपनीनं मुद्दाम नाक मुरडलं यावर हवं तेवढं भांडता येईल.

आणि घरच्या गिऱ्हाईकाचे लाड म्हणशील तर सोनीचं बघ. प्लेस्टेशनवर "हो" म्हणायला जपानात सुरुवातीपासून गोलाचं बटण आणि बाहेर फुलीचं, तर 2020 ला प्लेस्टेशन 5 काढताना सोनीनं जपान्यांनाच फुली दाबायला लावली, पंचवीसेक वर्षांची बोटांची सवय मोडून! जिकडे पैसा तिकडे कंपनीचं तोंड, देशप्रेम वगैरे काही नाही त्यात.

– नाना

माई:

नाना, तुमचं शेवटचं वाक्य एकदम मान्य, पण त्यानं तर बंडूचीच बाजू भक्कम होते. 2023 च्या शेवटच्या तिमाहीत फेसबुकची माणशी कमाई अमेरिका-कॅनडात 68 डॉलरच्या वर होती आणि आशिया-पॅसिफिकमध्ये साडेपाचच्या आसपास, हे कंपनीनंच जाहीर केलेले आकडे. म्हणजे तिकडचा एक माणूस इकडच्या बारा जणांना भारी. मग कामाला माणसं कुठे लावणार ते सांगायलाच नको.

मला उशिरा आलेल्या फीचरचं खरंच काही वाटत नाही, आज नाही तर पुढच्या वर्षी येईल, आणि निम्मी फीचरं तर न आलेलीच बरी. पण गिऱ्हाईक म्हणून आत घेतल्यावर मागे कोण उभं आहे ते बघा ना. नेटफ्लिक्सनं 6 जानेवारी 2016 ला एका दिवसात 130 देश सुरू केले, एकूण 190 च्या वर गेले, आणि त्या दिवशी भाषा होत्या 21. दुकान उघडणं सोपं असतं हो, गल्ल्यावर बसायला आणि गिऱ्हाईकाचं बोलणं समजायला माणूस लागतो.

सिनेमाचं एक वेळ सोडून देऊ, फेसबुकचं कसं सोडणार? फेसबुकमध्ये आधी काम केलेल्या फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर काढलेल्या कागदपत्रांवरून 2021 ला न्यूयॉर्क टाइम्सनं छापलं होतं की खोटी माहिती ओळखण्याच्या कामाला जो वेळ ठरवला होता त्यातला 87 टक्के एकट्या अमेरिकेसाठी आणि उरलेल्या अख्ख्या जगाला 13, आणि रोज फेसबुक वापरणाऱ्यांत उत्तर अमेरिकेचे लोक जेमतेम 10 टक्के. कंपनी म्हणाली आकडा अपुरा आहे, बाहेरच्या फॅक्ट-चेकिंग संस्था यात धरलेल्या नाहीत आणि त्यातल्या बऱ्याच अमेरिकेबाहेर आहेत. बरं, धरू त्या. तरी दरी काही बुजत नाही.

म्यानमारमध्ये तर लोक फेसबुकलाच इंटरनेट समजायचे, आणि बर्मी वाचणारी माणसं कंपनीकडे बोटावर मोजण्याइतकी होती. त्यात तिथल्या बहुतेक फोनांवर जगभर चालणाऱ्या युनिकोड या अक्षरपद्धतीऐवजी झॉजी नावाचा फॉन्ट, त्यामुळे पोस्टमध्ये काय लिहिलंय ते मशीनलाही नीट वाचता येईना. रोहिंग्यांविरुद्ध काय काय फिरत राहिलं ते सगळ्यांना माहीत आहे. हिंसा भडकवायला आपला प्लॅटफॉर्म वापरला गेला आणि ते थांबवायला आपण पुरेसं केलं नाही हे कंपनीनं नोव्हेंबर 2018 ला कबूल केलं. यात कुठले हक्क आडवे आले होते, नाना? कुठला कायदा?

– माई

नाना:

माई, याला माझ्याकडे उत्तर नाही, हक्कांचं कारण इथे लागू होत नाही. पण एक जोडतो. माणशी कमाई कमी असली तरी मागे सरकार उभं राहिलं की कंपन्या ऐकतात. ऑस्ट्रेलियात तेच सॉफ्टवेअर, तेच डाउनलोड, ना जहाज लागतं ना गोदाम, तरी अमेरिकेपेक्षा कितीतरी महाग मिळायचं, म्हणून तिथल्या संसदेच्या समितीनं 2013 ला ॲपल, मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी तिघांना समन्स काढून समोर बसवलं. समन्स निघालं आणि लगेच अडोबीनं क्रिएटिव्ह क्लाउड या आपल्या सॉफ्टवेअर-संचाचा तिथला भाव उतरवला, योगायोग म्हणा हवं तर. युरोपनंही 2018 ला देश बघून गिऱ्हाईक अडवण्यावर बंदी आणली, पण सिनेमा-मालिका त्यातून वगळल्या, म्हणजे लोकांची सगळ्यात जास्त ओरड ज्याबद्दल तेच बाहेर!

– नाना

बंडू:

माई, म्यानमारचं वाचून माझी शिल्लक फारच किरकोळ वाटायला लागली. पण नाना, मी ज्या देशातून निघालो तिथलं सरकार म्हणणार हा आता आपल्याकडे राहत नाही, आणि इथे अजून मतही देता येत नाही, मग माझ्या वतीनं समन्स काढणार कोण?

– बंडू

खजिनदार:

कोणी नाही. तोपर्यंत हे वाच. काही कंपन्या इतकी चिल्लर शिल्लक असेल तर सपोर्टला सांगितल्यावर शून्य करून देतात, तेव्हा चॅटवर "शिल्लक वापरायची नाहीये, सोडून द्यायची आहे" एवढंच लिही. देश बदलायच्या आधी चालू सबस्क्रिप्शनं बंद कर. आणि गूगल प्लेचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो, तेव्हा पुन्हा कुठे हलायचा विचार असेल तर घाई नको.

– खजिनदार