'नाइटलाइफ'ला मराठीत काय म्हणायचं?

मांडवीकाठ: एका पुरवणीसाठी लेखाचं मराठी करतेय. विषय, जगातली कुठली शहरं नाइटलाइफमध्ये आणि एंटरटेनमेंटमध्ये पुढे. मी 'रात्रजीवन' लिहिलं होतं. उपसंपादकांनी खोडून 'नाइटलाइफ' केलं. म्हणाले, 'रात्रजीवन वाचलं की घुबड डोळ्यांसमोर येतं.' 'मनोरंजन' लिहावं की 'करमणूक' यावरही आमचं जमेना. शिवाय यादीत बर्लिन-बँकॉकच्या पंगतीला सरळ 'गोवा' बसवलाय, शहर म्हणून. काय करावं?

चोखंदळ: रात्रपाळी चालते, रात्रशाळा चालते, मग रात्रजीवनानेच काय घोडं मारलंय? वापरा, चार महिन्यांत घुबड उडून जाईल. आपण शब्द घडवायचेच नाहीत असं ठरवलं असतं तर 'महापौर' आणि 'दिनांक' कुठून आले असते?

तिसवाडीकर: रात्रपाळी म्हणजे रात्रीची पाळी. त्या न्यायाने रात्रजीवन म्हणजे रात्रीचं जीवन, आणि ते माझ्या घरी घोरण्यात जातं. मूळ शब्दातली चैन या शब्दात नाही.

चोखंदळ: मग 'निशाविहार' घ्या.

तिसवाडीकर: वधूवर मंडळाची सहल वाटते.

निवृत्त मास्तर, फोंडा: करमणूक आणि मनोरंजन एक नव्हे. 'रंज्' म्हणजे रंगणे; मन रंगवतं ते मनोरंजन, त्याला कुणीतरी रंगवणारा लागतो. 'करमणे' माझ्या मते 'क्रमण'वरून, वेळ जाणे. 'इथं करमत नाही' म्हणतो तेव्हा नाच-गाणं नाही अशी तक्रार नसते, माणूस नाही अशी असते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढलं त्याचं नाव 'करमणूक'. सरकारने मात्र त्या शब्दाला कर जोडला आणि तेव्हापासून तो तिकिटाच्या अर्ध्या तुकड्यावरच राहिला.
नाइटलाइफला आपला शब्द आहे: जागर.

पेडण्याची पोर: मास्तर, जागर नको हां. शिवोलीला नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी हिंदू-ख्रिस्ती मिळून जागर करतात, सोंगा-गाण्यांचं लोकनाट्य; पेरणी समाजाचा जागर वेगळा. ते देवाचं काम आहे. बागा किनाऱ्याच्या गल्लीत बाउन्सर उभा करून त्याला जागर म्हणणार?

निवृत्त मास्तर, फोंडा: बाय, देवाचंही आणि हसण्याचंही. जागरातली सोंगं पाहिलीस ना? गावच्या भाटकारालाही, म्हणजे जमीनदारालाही, सोडत नाहीत. कोजागरीत तरी 'को जागर्ति' विचारून दूधच पितात.

पेडण्याची पोर: पेडण्यात कोजागरीला पुनव असते, ती दूध प्यायची नसते. असो. माझा मुद्दा वेगळा आहे. या याद्या करणारे रात्री मोजतात तरी काय? कार्तिकापासून आमच्याकडे एका देवळामागून दुसऱ्या देवळात जत्रा. पालखी, मग दशावतार, पहाटे काल्याची दहीहंडी फुटेपर्यंत हजार माणूस जागं. तिकीट नाही, प्रवेशशुल्क नाही, म्हणून ते कुठल्याच यादीत नाही. उलट मांडवीत नांगरून ठेवलेली कॅसिनोची बोट मोजली जाते. शब्द शोधायच्या आधी हे बघा की शब्द कशाला हवाय.

मुंबईहून पणजीत: हे जरा भावनेच्या भरात होतंय. सगळ्या याद्या सारख्या नसतात. 'टाइम आउट' मासिक शहरातल्या रहिवाशांनाच विचारतं, काही निव्वळ बार-क्लब मोजतात, काही हॉटेलांच्या जाहिराती असतात. आणि रात्र म्हणजे फक्त कार्यक्रम नव्हे. परत घरी कसं जायचं? लंडनने २०१६ साली रात्रीचा कारभार बघायला वेगळा माणूस नेमला, ॲमस्टरडॅमात त्याच्याही आधी 'रात्रीचा महापौर' होता. आमच्या वाड्यावर संध्याकाळनंतर बस नाही. दशावतार पहाटेपर्यंत चालतो कारण सुटल्यावर जायला वाहन नसतं, असंही म्हणता येईल.

पेडण्याची पोर: चालत जातो आम्ही. बॅटरी असते.

सत्तरीकर: आमच्याकडच्या रणमाल्याला, म्हणजे आमच्या लोकनाट्याला, तर बाहेरचा माणूस चुकूनच येतो. आला नाही तेच बरं, असंही कधी वाटतं. क्रमांक लागला की गाड्या लावायला शेत मागतील.

तिसवाडीकर: कायद्यापुढे मात्र क्लब आणि जत्रा एकाच पंगतीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणा-उत्सवांना मध्यरात्रीपर्यंतची सूट, तीही वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस. म्हणजे सरकारच्या लेखी 'नाइट' दहाला संपते आणि 'लाइफ' साडेदहाला सुरू होतं.

चोखंदळ: 'कॅसिनो'चं मूळ माहीत आहे ना? इटालियन 'कासा' म्हणजे घर, त्याचं लघुरूप. छोटं घर.

निवृत्त मास्तर, फोंडा: म्हणजे आपली 'माडी'! वर चढायची तीही माडी, प्यायची तीही माडी. दोन्ही माडावरूनच आल्या.

चोखंदळ: मास्तर, प्यायची माडावरून, कबूल. वरच्या मजल्याची कानडीत 'महडी' आहे, तिचा माडाशी काय संबंध?

निवृत्त मास्तर, फोंडा: माडावर चढल्याशिवाय कुठली माडी मिळते?

मांडवीकाठ: शब्द राहिलाच. आणि 'गोवा' शहर म्हणून तसंच ठेवू?

तिसवाडीकर: ठेवू नका. २०११च्या जनगणनेत पणजी महापालिकेची लोकसंख्या चाळीस हजारांच्या घरात होती. बर्लिनशी तुलना करायला त्यांना पणजी पुरली नसती म्हणून त्यांनी पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळं राज्य ओढलं.

मुंबईहून पणजीत: पणजीला कमी लेखू नका, आणि बर्लिनचं निव्वळ दारूकाम नाही. तिथल्या बर्गहाइन क्लबातलं संगीत हे संगीत मैफलींसारखंच आहे, म्हणून त्याला कमी कर लागेल, असा निकाल २०१६ साली न्यायालयाने दिला. करमणूक आणि कला यांतली रेघ तिथे न्यायाधीशाने ओढली. आपल्याकडे ती उपसंपादक ओढतो.
माझं मत, नाइटलाइफच लिहा. जानेवारी २०२०मध्ये मुंबईत हॉटेलं-मॉल चोवीस तास उघडे ठेवायचा निर्णय झाला तेव्हा झाडून सगळ्या मराठी बातम्यांत 'नाइटलाइफ'च होतं. कुणाला अडलं नाही.

चोखंदळ: अडलं नाही कारण अडायची सवयच गेली.

सत्तरीकर: 'नाइट' मराठी आहेच की. नाटकवाल्यांना विचारा. एका प्रयोगाच्या मानधनाला 'नाइट' म्हणतात. 'त्याची नाइट वाढली' म्हणजे भाव वाढला. दुपारच्या प्रयोगाचीही नाइटच मिळते.

निवृत्त मास्तर, फोंडा: हे मात्र खरं. आमच्या उत्सवी नाटकांना पाहुणी नटी आणायची तर आधी तिची नाइट विचारायचे. पण जाहिरातीत 'रात्रौ ठीक १० वाजता' असंच छापलं पाहिजे. हल्ली 'रात्री' छापतात. सगळी शान गेली.

चोखंदळ: मास्तर, 'रात्रौ' ही संस्कृतातली सप्तमी. मराठी वाक्यात ती कशाला? मराठीत 'रात्री'च.

निवृत्त मास्तर, फोंडा: आत्ताच तुम्ही निशाविहार आणला होता.

चोखंदळ: तो समास होता. विभक्ती आयात करणं वेगळं.

पेडण्याची पोर: रात्रौ छापा नाहीतर रात्री, दहाचा दहिकाला बाराच्या आत उभा राहत नाही.

चोखंदळ: दहीकाला. 'ही' दीर्घ.