पहिल्या नोकरीनंतर पदवीची किंमत किती?

धागाकर्ता:
स्पष्टच लिहितो. पदवीचा उपयोग पहिल्या नोकरीच्या मुलाखतीपर्यंत. पुढे तुमचे गुण कोण विचारतं? काय काम केलंत ते विचारतात. अर्थतज्ज्ञ मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्येच सिद्ध केलं की पदवी हा नुसता 'सिग्नल' आहे. उमेदवार कसा आहे हे मालकाला आधी कळत नाही, म्हणून तो कागद बघतो. २००१ चं नोबेल मिळालंय त्यांना. एकदा काम दिसलं की सिग्नल हवा कशाला?

शंकेखोर:
असहमत. शिक्षणाने कुवत वाढत नाही, हे स्पेन्स यांनी सिद्ध केलेलं नाही. मांडणी सोपी व्हावी म्हणून तसं गृहीत धरलं होतं. त्याआधी, १९६४ मध्ये, गॅरी बेकर यांनी 'मानवी भांडवल' मांडलं: शिक्षणाने माणसाची कुवतच वाढते. नोबेल त्यांनाही आहे, १९९२ चं. म्हणजे तिथे बरोबरी.

एचआरवाली:
नोबेल राहू द्या बाजूला. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं. 'पदवीधर' ही अट असली की पंधरा वर्षं अनुभव असलेला माणूसही तिथेच गळतो, माझ्यापर्यंत येतच नाही. वर्क व्हिसालाही कितीतरी देश पदवी मागतात. आणि डॉक्टर, वकील? पदवी नाही तर सहसा परवानाच नाही. अनुभव घेणार कुठे?

धागाकर्ता:
परवान्याच्या व्यवसायांबद्दल वाद नाहीच. पण तुमची चाळणी म्हणजे माझाच मुद्दा झाला! 'शीपस्किन इफेक्ट' वाचा. शेवटचं वर्ष पूर्ण करून पदवी घेतली की पगार जेवढा वाढतो, तेवढा आधीच्या एकेका वर्षाने वाढत नाही. शेवटच्या वर्षी असं कोणतं गुपित शिकवतात?

शंकेखोर:
गुपित कसलं? पण मध्येच सोडणारे आणि पूर्ण करणारे मुळात सारखे असतात का, हे आधी बघा. कुणाचे पैसे संपतात, कुणावर घराची जबाबदारी पडते, कुणाला नुसता कंटाळा येतो. तो सगळा फरक कागदाच्या खात्यावर कसा टाकता?

एचआरवाली:
माझ्या स्क्रीनवर मात्र हे तिघंही सारखेच दिसतात. शिक्षणाच्या रकान्यात 'अपूर्ण'.

धागाकर्ता:
मग ती अट काढून टाका ना!

एचआरवाली:
एका पदासाठी काढून बघितली. अर्जांचा ढीग आला, आणि मुलाखतीला कुणाला बोलवायचं ठरवताना वरच्या साहेबांनी पुन्हा पदवीधरच वेगळे काढले.